दुखेपर्यंत चाला

जर्मन लोक या दुखण्याला 'दुकानांच्या काचांचा आजार' म्हणतात. शंभर-दीडशे पावलं चाललं की पोटरीत गोळा येतो. माणूस थांबतो, आणि कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून काचेआडच्या वस्तू बघत उभा राहतो. दोन-चार मिनिटांत पाय मोकळा होतो. पुन्हा तेवढंच चालणं, पुन्हा गोळा. आपल्याकडे दुकानाच्या जागी हातातला मोबाइल असतो, आणि 'आता वय झालं' हे उत्तर तयारच असतं.

दोष वयाचा नसतो. पायाच्या धमन्यांत चरबीचे थर साचून वाट अरुंद झालेली असते. बसल्या जागी रक्त पुरतं, चालायला लागलं की कमी पडतं. घोट्याजवळच्या रक्तदाबाला दंडाच्या रक्तदाबाने भागून ०.९ किंवा त्याहून कमी आलं, तर निदान पक्कं.

१९८८ मध्ये हाउसली या डॉक्टरांनी यावरचा उपचार इंग्रजी पाच शब्दांत बसवला: विडी-सिगारेट सोडा, चालत राहा. लिहायला सोपं! रुग्णाच्या जागी उभं राहून बघा. दुखलं की थांबायचं, हे आपण रांगत्या वयापासून शिकलोय. इथे सांगतात, चांगलं दुखेपर्यंत चाला, थांबा, दुखणं ओसरलं की परत निघा. आरामात रमतगमत चालून भागत नाही. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत, दुखू न देता चालणारे वर्षभरानंतरही व्यायाम न करणाऱ्यांच्या पुढे गेले नव्हते.

मग हे गळी उतरवायचं कसं? शिकागोच्या डॉ. मेरी मॅकडरमॉट यांच्या दोन चाचण्या शेजारी ठेवून बघण्यासारख्या आहेत. २०१३ च्या चाचणीत रुग्ण आठवड्यातून एकदा गटात जमत, पुढचं लक्ष्य ठरवत आणि एरवी घराजवळ चालत. सहा महिन्यांत त्यांचं सहा मिनिटांतलं अंतर सरासरी ३५७ मीटरवरून ४०० मीटरच्या घरात गेलं; चालण्याचा असा कार्यक्रम नसलेल्या दुसऱ्या गटाचं उलट थोडं घटलं. २०१८ च्या चाचणीत पहिला महिनाभर भेटी, पुढे अंगावर बाळगायचं पावलं मोजणारं यंत्र आणि फोनवर सल्ला. नऊ महिन्यांनी, यातलं काही न मिळालेल्यांच्या तुलनेत, फायदा शून्य. मला वाटतं, यंत्र पावलं मोजतं, पण 'परवा का नाही गेलात?' असं समोर बसून विचारत नाही.

तंबाखूचंही तसंच. 'पाय कापावा लागेल' ही धमकी दवाखान्याच्या पायरीपर्यंत टिकते. खाली टपरी असतेच. त्यापेक्षा 'न थांबता कुठपर्यंत जायचंय?' असं विचारावं. 'देवळापर्यंत' असं उत्तर आलं, की मोजायला आपलं असं काहीतरी मिळतं. मग वहीत रोज लिहायचं: आज कितव्या खांबापाशी थांबलो.

हे सगळं चालताना दुखणाऱ्या पायासाठी. रात्री झोपेत पाऊल ठणकत असेल, पलंगाखाली लोंबतं सोडलं की बरं वाटत असेल, किंवा बोटावरची जखम भरत नसेल, तर वही बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.