चेन-प्रेषण, जुन्या रोड सायकलींचे : झीज व भागबदल

पायडलवर दिलेला जोर मागच्या चाकापर्यंत नेणाऱ्या भागांच्या संचास, म्हणजे क्रँक, पुढची दातेरी चकती, चेन, फ्रीव्हील (पायडल थांबले तरी चाक फिरू देणारा, मागच्या चाकावरील दातेरी भाग) आणि क्रँकचा आस यांस, मिळून चेन-प्रेषण म्हणता येईल. प्रस्तुत नोंदीत साधारणतः १९५० ते १९८५ या काळातील, पोलादी सांगाड्याच्या व डिरेलर गिअरच्या (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवून गिअर बदलणाऱ्या) सायकलींचा विचार केला आहे.

चेनच्या उगमाविषयी बराच वाद झाला आहे. लिओनार्दो दा व्हिंचीच्या टिपणवह्यांत यंत्रांसाठीच्या साखळ्यांची रेखाटने आहेत, याबद्दल दुमत नाही. परंतु त्याच्या कागदांचा संग्रह असलेल्या ‘कोडेक्स अटलांटिकस’च्या जीर्णोद्धारानंतर त्यातील एका पानामागे आढळलेले, चेन असलेल्या सायकलीचे चित्र १९७४ मध्ये प्रसिद्ध झाले आणि लिओनार्दोचे अभ्यासक मारिनोनी यांनी ते लिओनार्दोच्या शिष्याने काढल्याचे मत मांडले. उलटपक्षी, तेच पान १९६१ मध्ये प्रकाशासमोर धरून पाहणाऱ्या पेद्रेत्ती या दुसऱ्या अभ्यासकांना तेथे केवळ दोन वर्तुळे व काही कंस दिसले होते. सायकलीच्या इतिहासाचे अभ्यासक लेसिंग यांनी १९९७ मध्ये हे चित्र मागाहून केलेली भर असल्याचे प्रतिपादन केले. पेद्रेत्तींची नोंद वाद उद्भवण्यापूर्वीची असल्याने तिला अधिक वजन देणे युक्त वाटते. आजच्या चेनची वंशावळ त्या मानाने स्पष्ट आहे : स्लेटर यांचे १८६४ चे पेटंट, त्यांचा सॅलफर्ड येथील कारखाना विकत घेणारे हान्स रेनोल्ड आणि रेनोल्ड यांनी १८८० मध्ये सिद्ध केलेली बुश-रोलर चेन (पिनांभोवती बुश म्हणजे नळ्या व त्यांवर फिरते रोलर असलेली). स्टार्ली यांच्या १८८५ च्या ‘रोव्हर’ सायकलीनंतर मागचे चाक चेनने फिरविण्याची रीत रूढ झाली.

चेन ‘ताणली’ असे सर्रास म्हटले जाते. ते यथार्थ नाही. कडीच्या पट्ट्या लांबत नाहीत, तर पिन व बुश एकमेकांवर घासून प्रत्येक सांध्यात किंचित ढिलाई येते आणि तिची बेरीज लांबीत दिसते. दोन लगतच्या पिनांतील अंतर अर्धा इंच असल्याने चोवीस कड्यांची लांबी बारा इंच भरली पाहिजे. चेन ताठ धरून पोलादी पट्टीने मोजता ती अर्धा सूत (१/१६ इंच) वाढलेली आढळल्यास चेन बदलावी. वाढ एक सूत, म्हणजे सुमारे एक टक्का, झाली असेल तर फ्रीव्हीलचे दातेही बहुधा आकड्यासारखे वाकडे झिजलेले असतात आणि त्यांवर नवी चेन जोर पडताच उसळते. साताऱ्याहून यवतेश्वराचा घाट चढून कासकडे पावसाळ्यात जाणाऱ्या सायकलींत तेलात मिसळलेली लाल माती सांध्यांत शिरून कानशीसारखे काम करते. सांगलीकडील सपाटीवर चढाचा ताण नसला, तरी काळ्या मातीचा चिखल हेच काम करतो.

नवे भाग घेताना रुंदी व आटे यांची ओळख ही खरी अडचण असते. साध्या काळ्या सायकलींची चेन आतून एक सूत रुंद असते, डिरेलरची मात्र पाऊण सूत (३/३२ इंच). म्हणून तालुक्याच्या कोणत्याही दुकानात मिळणारी चेन येथे चालत नाही. पाच-सहा दातेरी चकत्यांच्या फ्रीव्हीलवर सात-आठ गिअरसाठीची आजची चेन मात्र सहसा नीट बसते. फ्रीव्हीलचे इंग्लिश आटे १.३७ इंच व्यासाचे आणि इंचाला चोवीस असतात, तर फ्रेंच आटे ३४.७ मिलिमीटर व्यासाचे असतात; चुकीचे फ्रीव्हील जोराने बसविल्यास हबचे (चाकाच्या मध्यभागाचे) आटे कायमचे जातात. क्रँकच्या आसाची, छरे ज्यात फिरतात ती उजवी वाटी इंग्लिश पद्धतीत उलट्या आट्यांची, इटालियन पद्धतीत सुलट्या आट्यांची असते. रॅले कंपनीने इंचाला सव्वीस आटे हे स्वतःचेच माप दीर्घकाळ वापरले, ज्यामुळे इतर इंग्लिश वाट्या तिच्या सांगाड्यात बसत नाहीत.

फ्रीव्हील चालविण्यानेच अधिकाधिक घट्ट होत जाते. ते काढण्याचे हत्यार असलेला दातेरी नट चाकाच्या आसाच्या नटाने दाबून धरावा, व्हाइसमध्ये पकडावा आणि चाकच गाडीच्या स्टिअरिंगप्रमाणे डावीकडे फिरवावे. एकदा सैल झाल्यावर आसाचा नट लगेच ढिला करावा लागतो. कॉटर पिनच्या (आसाला तिरक्या खुंटीने घट्ट बसविलेल्या) क्रँकमध्ये हातोडी चालविण्याआधी क्रँकखाली भक्कम टेकू द्यावा, अन्यथा आघात छऱ्यांवर जाऊन वाट्यांना खळगे पडतात. जुन्या इंग्लिश क्रँकना साडेनऊ मिलिमीटरची, काही युरोपीय क्रँकना नऊची पिन लागते. नव्या पिनेचा सपाट तिरका भाग कानशीने जुळवावा, दोन्ही बाजूंच्या पिना एकमेकींच्या विरुद्ध दिशेने घालाव्यात आणि थोडे अंतर चालविल्यावर त्यांचे नट पुन्हा आवळावेत.

या प्रदेशात चेन-सायकलीशी संबंध जुना आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलींचे दुकान काढले. त्याच उद्योगाची पुढची वस्ती असलेली किर्लोस्करवाडी (स्थापना १९१०) आज सांगली जिल्ह्यात मोडते. डिरेलरच्या दोन छोट्या चकत्यांची झीज सावकाश होते, म्हणून त्या बहुधा साफ करून, ग्रीस लावून पुन्हा वापरतात.