दाउ : इंग्रजीतले मागे पडलेले ‘तू’

दाउ हे इंग्रजीतील द्वितीयपुरुषी एकवचनी सर्वनाम. अर्थ सरळ ‘तू’. ‘तुला’साठी ‘दी’, ‘तुझा’साठी ‘दाय’. पुढचा शब्द स्वराने सुरू होत असेल तर ‘दाइन’. प्रमाण इंग्रजीच्या रोजच्या बोलण्यातून ते गेले. प्रार्थना, जुन्या कविता आणि उत्तर इंग्लंडातल्या काही बोली एवढ्यांत ते उरले आहे.

आपल्याकडे ते बहुधा शाळेतल्या कवितेत भेटते आणि तिथे इतके भारदस्त वाटते की ‘आपण’सारखा आदरार्थी शब्द असावा असा समज होतो. खरा प्रकार उलटा आहे. ‘दाउ’ हे एकेरी संबोधन, आणि त्याची जागा घेणारे ‘यू’ हे मुळातले ‘तुम्ही’.

जुन्या इंग्रजीत त्याचे रूप ‘थू’ असे होते. संस्कृत ‘त्वम्’, लॅटिन ‘तू’, फारसी ‘तो’, जर्मन ‘डू’ आणि आपले ‘तू’ ही सगळी एकाच कुळातली भावंडे. मूळच्या ‘त’चा जर्मानिक भाषांत, म्हणजे इंग्रजी-जर्मनच्या घराण्यात, ‘थ’ झाला. संस्कृत ‘त्रि’ आणि इंग्रजी ‘थ्री’ यांच्यातही हाच फरक दिसतो. नाते क्रियापदातही टिकले आहे. ‘दाउ गोएस्ट’ म्हणजे ‘तू जातोस’. त्या ‘गोएस्ट’मधला ‘स’ आणि ‘जातोस’मधला ‘स’ दोन्ही ‘गच्छसि’तल्या ‘सि’च्या घराण्यातले. शेवटचा ‘ट’ मात्र इंग्रजीने नंतर जोडला. क्रियापदामागे ‘थू’ येऊन चिकटण्याच्या सवयीतून तो आला. जुन्या इंग्रजीत ‘तुम्ही दोघे’ यासाठी वेगळे द्विवचनी सर्वनामही होते, संस्कृत ‘युवाम्’सारखे. तेराव्या शतकापर्यंत ते संपले.

आदराचा प्रश्न पुढे आला तो फ्रेंचांमुळे. 1066 मध्ये नॉर्मनांनी इंग्लंड जिंकल्यावर दरबारात फ्रेंच बोलली जाऊ लागली, आणि फ्रेंचमध्ये मोठ्या माणसाला अनेकवचनाने हाक मारायची रीत होती. तेराव्या शतकापासून ती इंग्रजीत उतरू लागली. त्या वेळी अनेकवचनाची रूपे दोन होती: कर्ता ‘यी’ आणि कर्म ‘यू’. पुढे ‘यी’ गळाले आणि ‘तुम्हाला’ या अर्थाचे ‘यू’च ‘तुम्ही’ म्हणूनही वापरात आले. (जुनाट दिसावे म्हणून दुकानांच्या पाट्यांवर ‘यी ओल्ड’ लिहितात, त्यातल्या ‘यी’चा या सर्वनामाशी संबंध नाही. ते ‘द’ हे उपपद आहे. ‘थ’साठीचे जुने अक्षर छापखान्यात ‘वाय’ने भागवले जाई, त्यातून हा घोळ झाला.)

मग आपल्या अहो-जाहोसारखाच व्यवहार सुरू झाला. नोकराला, मुलाला, जिवलगाला ‘दाउ’. मालकाला, परक्याला ‘यू’. ‘दाउ’चे क्रियापदही झाले, अर्थ ‘अरे-तुरे करणे’. 1603 मध्ये इंग्लंडचे दरबारी सर वॉल्टर रॅली यांच्यावर राजद्रोहाचा खटला चालला, तेव्हा सरकारी वकील एडवर्ड कोक यांनी भर न्यायालयात त्यांना ‘दाउ’ म्हटले, आणि ‘होय, मी तुला अरे-तुरेच करतो, द्रोह्या’ अशा अर्थाचे वाक्य वर ऐकवले.

क्वेकर या ख्रिस्ती पंथाचा संस्थापक जॉर्ज फॉक्स याने सतराव्या शतकात याच शब्दाचे तत्त्व केले. देवापुढे सगळे सारखे, तेव्हा न्यायाधीश असो की जमीनदार, एकाला एकवचनच. त्यापायी क्वेकरांनी मारही खाल्ला. गंमत अशी की पुढे त्यांच्यातले पुष्कळ जण कर्त्याच्या जागीही ‘दी’ म्हणू लागले. म्हणजे ‘तू येतोस’ऐवजी ‘तुला येतो’.

तोवर इतरांच्या तोंडून ‘दाउ’ जात चालले होते. अपमान नको म्हणून ज्याला-त्याला ‘यू’ म्हणणेच सोयीचे पडले. 1611 च्या बायबलने मात्र ते जपले. हिब्रू आणि ग्रीकमध्ये एकवचन-अनेकवचनाचा भेद असल्याने भाषांतरकारांनी तो तंतोतंत पाळला. तिथे देवालाही ‘दाउ’ आणि सैतानालाही ‘दाउ’. वारकरी विठोबाला ‘तू’ म्हणतो तशीच ही भाषा. पण बोलण्यातला शब्द गेला आणि चर्चमधला उरला, म्हणून पुढच्या पिढ्यांना तो सोवळा वाटू लागला.

उत्तर इंग्लंडातल्या यॉर्कशरमध्ये ‘दा’ या रूपात तो अजून ऐकू येतो. लगट करणाऱ्याला तिथे बजावतात: तुला जे ‘दा’ म्हणतात त्यांना ‘दा’ म्हण, मला नको.

‘यू’ एकट्यासाठी आले तरी क्रियापद अनेकवचनीच राहिले. अठराव्या शतकात एका माणसाला ‘यू वॉज’ म्हणणे बरेच रूढ होते. 1762 च्या व्याकरणात रॉबर्ट लाउथ यांनी ते चूक ठरवले. ‘तुम्ही सगळे’ म्हणायला आता शब्द कमी पडतो, म्हणून अमेरिकेच्या दक्षिणेत ‘यॉल’, आयर्लंडमध्ये ‘यूज’ अशी रूपे घडली. मराठी अनुवादकाची अडचण वेगळीच आहे. इंग्रजी कादंबरीतले दोन अनोळखी जीव पहिल्यापासून शेवटपर्यंत ‘यू’च म्हणत राहतात, ती दोघे ‘तुम्ही’वरून ‘तू’वर कोणत्या पानावर आली, हे त्याला स्वतःच ठरवावे लागते.