पाण्यावर चालणारा पेट्रेल

इंग्रजी वर्तमानपत्रांत एखाद्या बंडखोर पुढाऱ्याला ‘स्टॉर्मी पेट्रेल’ म्हणायची जुनी पद्धत आहे. हा माणूस जाईल तिथे वादळ उठवतो, असा त्याचा अर्थ. पण पेट्रेल हे मुळात एका समुद्रपक्ष्याचे नाव आहे, हे वाचणाऱ्यांपैकी अनेकांच्या गावीही नसते. पेट्रोलशी त्याचा काही संबंध नाही. आणि हा पक्षी बघायला सातासमुद्रापार जायला नको, पावसाळ्यात तो आपल्याच अरबी समुद्रावर असतो.

आपल्याकडे येणारा तो विल्सन्स स्टॉर्म पेट्रेल. वजन जेमतेम ३५ ते ४० ग्रॅम, म्हणजे बुलबुलाएवढे. रंग काळपट तपकिरी, शेपटीच्या मुळाशी पांढरा पट्टा, पाय लांब आणि काटकुळे, बोटांमधला पडदा पिवळा. अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यावर आणि त्या बाजूच्या बेटांवर, खडकांच्या फटीत, यांची जोडी एकच अंडे घालते. तिकडे हिवाळा लागला की एवढासा जीव हजारो किलोमीटर उत्तरेकडे येतो. मासेमारीबंदी उठल्यावर ऑगस्ट-सप्टेंबरात ट्रॉलर खोल पाण्यात जातात, तेव्हा त्यांच्या मागे हे पक्षी दिसू शकतात. पंख पसरलेले, पाय खाली सोडलेले, आणि लाटेवर टपटप पावले टाकत चाललेले.

या चालण्यावरूनच नाव पडले, असे १७०३ साली विल्यम डँपियर या इंग्रज दर्यावर्दीने लिहून ठेवले. बायबलमधला येशूचा शिष्य पेत्र (इंग्रजीत पीटर) गालीलच्या सरोवरावर पाण्यावरून चालत गेला, म्हणून खलाशी या पक्ष्याला त्याचे नाव देतात, असे त्याचे म्हणणे. त्याआधीच्या इंग्रजीत ‘पिटेरल’ असे रूप सापडते, त्यामुळे पेत्राची कथा नावाला मागून चिकटली असण्याची शक्यता राहतेच. पुढे हे नाव इतके पसरले, की दोन मीटर पंखविस्ताराच्या, असे पाण्यावर न चालणाऱ्या जायंट पेट्रेललाही तेच लागले.

पण मला खरी ओढ आहे ती त्या चालण्याची. पक्षी पाण्यावर उभा राहतो तरी कसा? पृष्ठताणामुळे, म्हणजे पाण्याचा पृष्ठभाग ताणलेल्या पडद्यासारखा वागतो म्हणून, असे उत्तर चटकन सुचते, पण ते चूक आहे. पाणनिवळीसारखा हलका कीटक पृष्ठताणावर तरतो, ४० ग्रॅमचा पक्षी नाही. त्याचे वजन पंखच पेलतात. मग पाय कशाला?

पक्षी वाऱ्याकडे तोंड करतो आणि पंख पसरतो. पंखांवरून हवा वाहिली की वर उचलणारे बल मिळते. पण तोच वारा त्याला मागेही रेटतो. तो तसाच वाहत गेला, तर थोड्याच वेळात त्याचा वेग वाऱ्याएवढा होईल. मग त्याच्यापुरता वारा उरणारच नाही आणि उचलणारे बलही संपेल. पतंगाचे असेच असते. मांजा हातात आहे तोवर तो आकाशात, मांजा तुटला की गिरक्या घेत खाली. भर समुद्रात हा मांजा म्हणजे पेट्रेलचे पाय. पडदे पाण्यात बुडवले की पाणी त्यांना धरून ठेवते, पक्षी वाऱ्याबरोबर वाहून जात नाही आणि पंखांना हवा मिळत राहते. १९७९ साली प्राणिशास्त्रज्ञ फिलिप विदर्स यांनी या उड्डाणाचे गणित मांडले. नौका वाऱ्याने वाहून जाऊ नये म्हणून पाण्यात झोळीसारखा समुद्री नांगर सोडतात, तसे हे पाय काम करतात.

एवढेसे पाय पुरतात कसे? प्रवाहात धरलेल्या वस्तूवरचा रेटा माध्यमाच्या घनतेच्या आणि वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. समुद्राचे पाणी हवेपेक्षा सुमारे ८५० पट दाट. ८५० चे वर्गमूळ साधारण २९. म्हणजे सेकंदाला ८ मीटर वेगाच्या वाऱ्यात जेवढा रेटा बसेल, तेवढाच रेटा त्याच आकाराच्या वस्तूवर पाण्यात सेकंदाला जेमतेम २८ सेंटीमीटर वेगाने बसतो. पाय पंखांपेक्षा पुष्कळ लहान, म्हणून पक्षी त्याहून थोडा वेगाने मागे सरकेल. ती तूट तो पायांनी पाणी मागे लोटून भरून काढतो, आणि आपल्याला तेच चालणे वाटते. शिवाय पाण्याच्या अगदी लगत उडताना पंखांच्या टोकांशी होणारे हवेचे भोवरे दबतात, त्यामुळे हवेचा विरोध कमी होतो आणि श्रमही वाचतात. असे एका जागी तरंगत तो चोचीने प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव, टिपत राहतो.

बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानात पेत्र वारा पाहून घाबरतो आणि बुडू लागतो. पेट्रेलचे नेमके उलटे आहे. त्याला वाराच उभा ठेवतो. वारा पडला की पंख मारण्याचे कष्ट वाढतात.

युरोपातले खलाशी हा पक्षी दिसला की धास्तावत. तो वादळ आणतो, तो बुडालेल्या खलाशांचा आत्मा आहे, असे मानत. जीवांना शास्त्रीय नावे देणाऱ्या स्वीडिश शास्त्रज्ञ लिनियसने १७५८ साली त्याच्या एका भाऊबंदाला प्रोसेलारिया हे नाव दिले, तेही वादळ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून. वास्तविक, विणीचा काळ सोडला तर हा पक्षी कायम समुद्रावरच असतो. वादळाआधी दिसला ते लक्षात राहिले, शंभर शांत दिवसांत दिसला ते विसरले गेले. मांजर आडवे जाण्याचा हिशेबही असाच ठेवला जातो. आता मोबाइलवर ‘वादळाची चाहूल देणारा पक्षी’ म्हणून हेच पुन्हा फिरते, त्यावर विश्वास ठेवू नये. चक्रीवादळाचा अंदाज हवामान खाते उपग्रह आणि रडार यांच्या मदतीने देते.

पावसाळ्यात थकलेले समुद्रपक्षी कोकण किनाऱ्यावर येऊन पडतात. पेट्रेल सापडला तर तो पोटऱ्यांवर बसल्यासारखा, फरपटत सरकताना दिसेल. पाय मोडला असे समजून पट्टी बांधू नका. जमिनीवर उभे राहून चालणे त्याच्या पायांना नीट जमतच नाही. त्याला पुन्हा लाटांत फेकू नका, तोंडात पाणीही ओतू नका. भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, सावलीत ठेवा आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.