कार्ल्याचा रस की पन्हं?

“हे पन्हं पाजायला मला सॅन डिएगोहून बोलावलंस होय रे?” भाचेजावयाच्या मित्राने ग्लास खिडकीच्या उजेडात धरला. ग्लासातली बिअर खरंच पन्ह्याच्या रंगाची होती, मागे धरलेलं बोट दिसू नये इतकी गढूळ. “तुझ्या त्या कार्ल्याच्या रसापेक्षा बरं,” भाचेजावई म्हणाला. पुण्यात हॉस्टेलच्या एकाच खोलीत राहिलेले हे दोघे. आता एक बॉस्टनला, दुसरा देशाच्या थेट दुसऱ्या टोकाला, आणि पूर्वी क्रिकेटवर भांडायचे ते आता एलवर, म्हणजे बिअरच्या एका प्रकारावर, भांडतात. कॅलिफोर्नियाची लखलखीत, कोरडी, कडू एल खरी की न्यू इंग्लंडची, म्हणजे बॉस्टनकडची, मऊ, धुकट? मी मधे बसून दोन्हींचे घोट घेत होतो. सहज डबे हातात घेऊन पाहिले, तर दोन्हींवर हॉप्सची जात एकच छापलेली: सिट्रा.

एकाच जातीच्या फुलांतून एकाला कारलं मिळतं आणि दुसऱ्याला आंबा, हे कसं?

हॉप्स ही भांगेच्या कुळातली वेल. तिची शंकूसारखी सुकी फुलं मधोमध चिरली की पाकळ्यांच्या बुडाशी पिवळी पूड दिसते. रंग हळदीचा, पण बोटांना राळेसारखी चिकटते आणि वास दोन-तीनदा हात धुतले तरी जात नाही. हिचं नाव ल्युप्युलिन. हॉप्समधून बिअरला जे काही मिळतं, ते बहुतेक या चिमूटभर पुडीतून: तिच्यातल्या राळेतून कडूपणा, तेलातून वास. पंचाईत अशी की राळेला जे हवं असतं, ते तेलाला सोसत नाही.

राळेतली अल्फा आम्लं पाण्यात धड विरघळत नाहीत आणि मूळ रूपात फारशी कडूही नसतात. मोड आणून वाळवलेल्या सातूच्या गोड काढ्यात ती तासभर उकळली की रेणूची आतली जुळणी बदलते आणि आयसो-अल्फा आम्लं तयार होतात. बिअरचा ठसठशीत कडूपणा तो यांचाच. पण तेवढ्या वेळात तेल वाफेबरोबर पार उडून जातं. आमटीत कढीपत्ता फोडणीला पडतो आणि कोथिंबीर गॅस बंद केल्यावर, तसंच इथेही चालतं. काही हॉप्स उकळी फुटताच, काही अगदी शेवटी, आणि उरलेले काढा थंड होऊन आंबायला लागल्यावर टाकीत. या शेवटच्या प्रकाराला ‘ड्राय हॉपिंग’ म्हणतात. एका लिटरमध्ये एक मिलिग्रॅम आयसो-अल्फा आम्ल म्हणजे ढोबळमानाने कडूपणाचं एक एकक. हलक्या लागर बिअरमध्ये दहाएक एककं असतात. कॅलिफोर्नियाच्या इंडिया पेल एलमध्ये, म्हणजे सगळे जिला आयपीए म्हणतात तिच्यात, साठ-सत्तर.

तेलातली मंडळी मात्र आपल्या ओळखीची आहेत. लिनालूल आपल्या धण्यांत भरपूर असतं. जिरॅनिऑल गुलाबात असतं, आणि रोशा गवताच्या तेलात तर तेच मुख्य. मायर्सीन आंब्याच्या अनेक जातींच्या वासात सापडतं. म्हणजे मित्राने थट्टेत ‘पन्हं’ म्हटलं, ते रसायनशास्त्राच्या दृष्टीने फारसं चुकलं नव्हतं.

अमेरिकन एलची म्हणून जी ओळख आहे, तिची सुरुवात एका सरकारी संशोधन केंद्रातून झाली. ओरेगनमधल्या कॉर्व्हॅलिस इथे शेतकी खात्याच्या पैदास कार्यक्रमात इंग्लंडची फगल आणि रशियाची सेरेब्रियांका यांच्या संकरातून एक वेल निवडली गेली. १९७२ मध्ये ती ‘कॅस्केड’ नावाने बाजारात आली. तिचा वास पपनसाच्या सालीसारखा. युरोपच्या मुरलेल्या, मवाळ हॉप्सवर वाढलेल्या बिअरवाल्यांना तो भडक वाटावा असाच होता. पण सॅन फ्रान्सिस्कोच्या अँकर ब्रुअरीने १९७५ मध्ये याच कॅस्केडची ‘लिबर्टी एल’ काढली. १९७८ मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी घरी बिअर गाळण्याला परवानगी देणाऱ्या कायद्यावर सही केली आणि गॅरेजांमधली हौशी मंडळी उजळ माथ्याने कामाला लागली. त्यांच्यातलाच केन ग्रॉसमन. सायकल दुरुस्त करणारा माणूस. त्याने आणि पॉल कामुसीने चिको गावी दूधडेअरीची जुनी भांडी जोडून १९८० मध्ये सिएरा नेव्हाडा ब्रुअरीचा पहिला घाणा लावला. पेल एलची चव दर वेळी सारखी येईना, म्हणून सुरुवातीचे कितीतरी घाणे त्याने ओतून दिले. नवा धंदा, हातात पैसा नाही आणि बिअर मोरीत! त्या हट्टातून आलेली पेल एल आजही कॅस्केडचीच आहे, आणि पश्चिम किनाऱ्याच्या एलप्रेमींची पंढरी आजही चिको.

सिएरा नेव्हाडाचं यीस्ट स्वभावाने अबोल. आंबवताना स्वतःचा वास फारसा सोडत नाही, साखर जवळजवळ संपवून टाकतं, मग खाली बसतं. त्यामुळे बिअर कोरडी आणि पारदर्शक होते, आणि हॉप्सना बोलायला मोकळं रान मिळतं. त्यात पाण्याची भर. कॅलिफोर्नियाचे आयपीएवाले पाण्यात जिप्सम, म्हणजे कॅल्शियम सल्फेट घालतात. सल्फेटने कडूपणाला धार येते, घोट संपतो तो टोकदार. पूर्वेकडचे कॅल्शियम क्लोराइड घालतात. क्लोराइडने बिअर जिभेवर गोल, भरीव लागते. एक चमचा या पुडीचा की त्या पुडीचा, एवढ्यानेही तेच हॉप्स वेगळे लागतात. या दोघा इंजिनियरांनी तासभर वाद घातला, पण पाण्याचं नाव एकदाही निघालं नाही.

दुप्पट हॉप्सची ‘डबल आयपीए’ कशी जन्मली याची हकीकत मला फार आवडते. १९९४ मध्ये टेमेक्युला गावच्या ब्लाइंड पिग ब्रुअरीत विनी सिलुर्झोची यंत्रसामग्री जुनी आणि जोडतोडीची होती. पहिल्याच घाण्यात काही दोष राहिला तर झाकला जावा म्हणून त्याने हॉप्स दुप्पट टाकले. पुढे रशियन रिव्हर ब्रुअरीत त्याची ‘प्लिनी द एल्डर’ निघाली. घरी बिअर करणाऱ्यांच्या ‘झायमर्जी’ मासिकाच्या वार्षिक कौलात ती २००९ पासून सलग आठ वर्षं पहिली होती. २०१७ मध्ये तिला खाली ओढलं ते मिशिगनच्या बेल्स ब्रुअरीच्या ‘टू हार्टेड’ने. तिच्यात हॉप्सची जात एकच, सेंटेनिअल. किनाऱ्यांवरच्या भांडणात या मधल्या मुलखाला कोणी विचारत नाही. माझं मत विचाराल तर तिघींत समतोल तिचाच.

आता धुक्याकडे. व्हरमाँटच्या वॉटरबरी गावात जॉन किमिचच्या द अल्केमिस्ट पबमध्ये ‘हेडी टॉपर’ ही न गाळलेली आठ टक्क्यांची एल मिळायची. ऑगस्ट २०११ मध्ये आयरीन वादळाच्या पुरात पब बुडाला आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत तीच एल डब्यात भरून निघायला लागली. डब्याच्या काठावर छापलं होतं: डब्यातूनच प्या. या घराण्याच्या एल गढूळ दिसतात, कारण बरेच जण त्यांत ओट्स आणि गहू घालतात. त्यांतली प्रथिनं हॉप्समधल्या पॉलिफेनॉल्स नावाच्या तुरट द्रव्यांना धरून बारीक कण बनवतात आणि ते तळाशी न बसता तरंगत राहतात. उकळताना हॉप्स थोडेच. खरा मारा नंतर टाकीत, आणि तोही अनेकदा यीस्ट ऐन भरात असताना.

इथे यीस्ट अबोल राहत नाही. जिरॅनिऑलमधलं काही ते सिट्रोनेलॉलमध्ये बदलून टाकतं, म्हणजे गुलाबाकडून लिंबाकडे. हॉप्समधले थायॉल नावाचे गंधकयुक्त रेणू बरेचसे दुसऱ्या रेणूंना बांधलेले, म्हणून वासहीन असतात. काही यीस्टची विकरं त्यांची गाठ सोडवतात आणि एकदम पेरू, आंबा, पॅशनफ्रूट दरवळू लागतात. लिटरमागे ग्रॅमचे काही अब्जांश भाग एवढेही नाकाला पुरतात. सिट्रात असलेला यांतला एक थायॉल प्रमाणात असला की फळासारखा वाटतो. जास्त झाला की मांजराच्या मुताची आठवण करून देतो. अनेकांना धुकट एल सहन होत नाही, त्यामागे हेही असू शकतं.

आणि एक गोष्ट मला डबा उलटा केल्यावर कळली. बुडाशी भरल्याची तारीख होती. बॉस्टनचा डबा नऊ दिवसांचा. सॅन डिएगोचा साडेतीन महिन्यांचा, त्यातला बराच काळ गॅरेजमध्ये काढलेला. बिअरच्या धंद्यात एक आडाखा आहे: ३२ अंश सेल्सिअसला ३ दिवसांत बिअरचं जेवढं बिघडतं, तेवढं बिघडायला २२ अंशांना ३० आणि शीतकपाटात ३ अंशांना ३०० दिवस लागतात. वास आधी जातो. मग ऑक्सिजन आपलं काम करतो आणि भिजलेल्या पुठ्ठ्याची चव येते. कडूपणा त्यामानाने सावकाश ओसरतो. म्हणजे मित्राने एवढ्या लांबून मिरवत आणलं होतं ते आयपीएचं कारलं तेवढं शिल्लक. पपनस वाटेतच संपलं होतं. निदान डबा होता हे बरं. पारदर्शक बाटली असती तर ऊन लागल्यावर काही मिनिटांत प्रकाशाने आयसो-अल्फा आम्लं मोडली असती आणि स्कंक नावाच्या प्राण्याच्या फवाऱ्यासारखा वास सुटला असता.

हे मी सांगितलं तेव्हा मित्र म्हणाला, “काका, जुनी असली तरी मी डोळे मिटून ओळखेन.”

भाची उठली. बोर्डोमध्ये २००१ साली पांढऱ्या वाइनला लाल रंग दिल्यावर चाखणाऱ्या विद्यार्थ्यांनी तिचं वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केलं होतं, तो प्रयोग तिला ठाऊक होता. तिने फ्रिजमधून दोन्ही बाजूंचे ताजे डबे काढले. कॅलिफोर्नियाची एल कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळते. फडताळातून आईने दिलेले स्टीलचे चार पेले घेतले आणि आमच्याकडे पाठ करून ओतलं.

मित्राने पहिला घोट घेतला. थांबला. दुसरा घेतला.

“हा आंबा तुझा,” तो भाचेजावयाला म्हणाला.

भाचीने डबा पुढे केला. कॅलिफोर्नियाचा होता.