प्रोग्राम लिहिणारा पहिला प्रोग्राम

संगणकाकडूनच संगणकासाठी प्रोग्राम लिहून घेता येतो, हे १९५१ मध्ये बेटी होल्बर्टन यांनी करून दाखवलं. एवढं मोठं काम करूनही त्यांचं नाव फारसं कोणाला ठाऊक नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

१९१७ मध्ये फिलाडेल्फियात त्यांचा जन्म झाला. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात गणिताच्या पहिल्याच तासाला प्राध्यापकांनी त्यांना घरी राहून मुलंबाळं सांभाळायला सुचवलं. त्या पत्रकारितेकडे वळल्या. पुढे दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्कराला तोफगोळ्यांच्या मार्गाचे तक्ते हवे होते, आणि आकडेमोडीसाठी स्त्रियांची भरती झाली. त्यांतल्या सहाजणींना १९४५ मध्ये एनिअ‍ॅक या नव्या संगणकयंत्रासाठी निवडलं गेलं. होल्बर्टन त्यांतल्या एक. यंत्रात सुमारे १८ हजार निर्वात नळ्या होत्या. माहितीपुस्तिका मात्र नव्हती, प्रोग्रामिंगची भाषाही नव्हती. सुरुवातीला तर यंत्राच्या खोलीत जायचीही परवानगी नव्हती. नुसते जोडणीचे आराखडे वाचून त्या हे यंत्र शिकल्या. कुठली केबल कुठे लावायची, कुठला स्विच कसा फिरवायचा, हाच तेव्हाचा प्रोग्राम.

युद्धानंतर त्या युनिव्हॅक या व्यापारी संगणकावर काम करू लागल्या. त्यासाठी रचलेल्या सी-१० या आज्ञासंचात त्यांनी बेरजेला ‘ए’, वजाबाकीला ‘एस’ अशी लक्षात राहणारी अक्षरं वापरली.

युनिव्हॅकची माहिती चुंबकीय फितीवर असे आणि स्मृतीत एका वेळी जेमतेम १२ हजार अक्षरं मावत. मग लाखो नोंदी क्रमाने कशा लावायच्या? थोड्या नोंदी आत घ्यायच्या, क्रम लावायचा, दुसऱ्या फितीवर उतरवायच्या. असे क्रमवार तुकडे तयार झाले की दोन तुकड्यांच्या पहिल्या नोंदींची तुलना करायची, लहान असेल ती आधी लिहायची आणि पुढे जात राहायचं. दोन तुकड्यांचा एक मोठा क्रमवार तुकडा होतो. हेच पुन्हापुन्हा केलं की शेवटी अख्खी फीत क्रमाने लागते. अडचण अशी, की नोंदीची लांबी बदलली किंवा क्रम वेगळ्या रकान्यानुसार लावायचा असला की सगळा प्रोग्राम नव्याने लिहावा लागे. होल्बर्टन यांचा ‘सॉर्ट-मर्ज जनरेटर’ एवढा तपशील विचारून घेई आणि त्या कामापुरता नेमका प्रोग्राम स्वतः तयार करून देई. फिती हाताळण्याच्या आज्ञासुद्धा त्यात आपोआप येत. संगणक प्रोग्राम लिहू शकतो हे सुचवणारं पहिलं पाऊल हेच, असं कंपायलरसाठी, म्हणजे माणसाने लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या प्रोग्रामसाठी, ख्यातनाम असलेल्या ग्रेस हॉपर यांनी पुढे जाहीरपणे सांगितलं. माझ्या मते होल्बर्टन यांच्या कामाला मिळालेली सर्वांत मोलाची पावती तीच.

नंतर होल्बर्टन अमेरिकी नौदलाच्या संशोधन केंद्रात गेल्या, कोबोल ही प्रोग्रामिंगची भाषा घडवणाऱ्यांत होत्या आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेत असताना फोरट्रान या दुसऱ्या भाषेची मानकं ठरवण्यात त्यांचा सहभाग होता. संगणकक्षेत्रातल्या स्त्रियांच्या संघटनेचा एडा लव्हलेस पुरस्कार त्यांना १९९७ मध्ये मिळाला, तेव्हा त्यांचं वय ८० होतं.