बर्कलीची बाल्कनी गर्दीने नव्हे, कोंडलेल्या पाण्याने पडली

16 जून 2015 रोजी, मध्यरात्र उलटून गेल्यावर, अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या बर्कली शहरात एका निवासी इमारतीच्या वरच्या मजल्यावरील बाल्कनी अचानक कोसळली. एकविसाव्या वाढदिवसासाठी जमलेल्यांपैकी 13 जण त्या वेळी तिच्यावर उभे होते. त्यांतील सहा जणांचा मृत्यू झाला आणि सात जण गंभीर जखमी झाले. त्यांतले बहुतेक उन्हाळी सुटीत काम करण्यासाठी आलेले आयरिश विद्यार्थी होते. सुरुवातीच्या काही बातम्यांचा रोख मात्र पार्टीवर आणि बाल्कनीतल्या गर्दीवर होता. आजही लाकडी बांधकाम पडले की ‘वजन जास्त झाले’ हेच कारण सर्वप्रथम सांगितले जाते, आणि बर्कलीच्या बाबतीत ते चुकीचे होते. बाल्कनी माणसांनी भरून जाणार हे तिचा आराखडा करतानाच गृहीत धरलेले असते. ही इमारत तर उणीपुरी दहा वर्षांचीही नव्हती.

ही बाल्कनी कँटिलिव्हर पद्धतीची होती. म्हणजे घराच्या आतून आलेल्या लाकडी कड्या (भार पेलणारी आडवी लाकडे) भिंत ओलांडून बाहेर निघालेल्या होत्या आणि त्यांच्या बाहेरच्या टोकाला कोणताही आधार नव्हता. अशा कडीवर भार आला की ती खाली वाकते, तिच्या वरच्या भागावर ताण येतो, खालच्या भागावर दाब येतो, आणि हे दोन्ही भिंतीलगत सर्वाधिक असतात. दुर्दैव असे की, पावसाचे पाणीही वरूनच आणि भिंतीलगतच्या सांध्यातूनच आत शिरते. त्यातच आयताकृती कडीची वाकण्याविरुद्धची ताकद तिच्या उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात असते. 240 मिलिमीटर उंचीच्या कडीचा वरचा 60 मिलिमीटर भाग कुजला, तर पाव लाकूड गेले असे आपण म्हणतो. परंतु ताकद मात्र सुमारे 56 टक्केच उरते. निम्मी उंची गेली तर ताकद एक चतुर्थांशावर येते.

आता कुजणे म्हणजे नेमके काय, ते पाहू. लाकडातील पाण्याचे प्रमाण त्याच्या कोरड्या वजनाच्या 20 टक्क्यांच्या खाली राहिले तर लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला त्यात वाढता येत नाही. साधारण 30 टक्क्यांपाशी पेशींच्या भिंती पाण्याने पूर्ण भरतात, आणि त्यापुढे बुरशीला मोकळे रान मिळते. बुरशीला अन्न, पाणी, प्राणवायू आणि बेताचे तापमान या चारही गोष्टी लागतात. म्हणूनच पाण्याखाली गाडलेले लाकडी खांब शतकानुशतके टिकतात, कारण तेथे प्राणवायू जवळजवळ नसतो. सर्वांत वाईट असते ते पाणी आणि हवा दोन्ही मिळणारे, पण कधीच पूर्ण न वाळणारे लाकूड. वर जलरोधक थर, खाली प्लास्टर आणि मध्ये हवा खेळायला जागाच नाही, अशी बाल्कनी म्हणजे नेमकी हीच स्थिती होय.

तपकिरी कूज करणाऱ्या बुरशीची पद्धत मला जीवशास्त्रातील अत्यंत चतुर रसायनांपैकी एक वाटते. लाकडाची ताकद सेल्युलोजच्या लांबच लांब रेणूंमध्ये असते आणि ते रेणू लिग्निनच्या वेष्टनात बसवलेले असतात. पेशीभित्तिकेतील छिद्रे इतकी बारीक असतात की, बुरशीची विकरे त्यांतून आत जाऊच शकत नाहीत. म्हणून बुरशी लहान रेणू पुढे पाठवते. ती ऑक्झॅलिक आम्ल स्रवून आसपासचे लोह विरघळवते. मग लोहाचे आयन आणि हायड्रोजन पेरॉक्साइड यांची गाठ पडून हायड्रॉक्सिल मूलके तयार होतात. ही अभिक्रिया हेन्री फेंटन या रसायनशास्त्रज्ञाच्या नावाने ओळखली जाते. ही मूलके अत्यंत क्रियाशील असतात आणि सेल्युलोजच्या साखळीला टोकापासून कुरतडत न बसता मध्येच कुठेही तोडतात. साखळ्या आखूड होतात, पण त्यांचे तुकडे अजून जागेवरच असतात. परिणामी वजन जेमतेम 5 ते 10 टक्के घटलेले असताना वाकण्याविरुद्धची ताकद निम्म्याहून अधिक गेलेली असू शकते. चौकोनी तडे, भुगा, भूछत्रे हे सारे नंतरचे टप्पे आहेत. डोळ्यांना दिसेपर्यंत बराच उशीर झालेला असतो.

येथे एक समजूत बाजूला करायला हवी. अमावास्येला किंवा कृष्णपक्षात तोडलेले लाकूड आणि बांबू टिकतात, असे आपल्याकडे अनेक जण ठामपणे सांगतात. टिकाऊपणा ठरतो तो लाकूड गाभ्याचे आहे की बाहेरच्या रसकाष्ठाचे, ते किती वाळवले आणि नंतर किती भिजले, यांवर. सागाच्या गाभ्यात बुरशीला रोखणारी द्रव्ये असतात. त्याच सागाच्या रसकाष्ठात ती नगण्य असतात. तिथी पाहून हा फरक पडत नाही.

अपघातानंतर तपास करणारा अभियंता प्रथम तुटलेली टोके जपतो. प्रत्येक तुकड्यावर खूण करतो, छायाचित्रे घेतो आणि ती टोके नंतर भिजू किंवा वाळू नयेत याची काळजी घेतो, कारण खरा पुरावा तुटलेल्या पृष्ठभागावर असतो. निरोगी लाकूड मोडताना लांब, टोकदार फाटे काढत मोडते; कुजलेले लाकूड गाजर मोडावे तसे आडवे, आखूड आणि बोथट मोडते. मग दोन सुयांच्या आर्द्रतामापकाने ओल मोजली जाते. अतिशय बारीक सुईसारखे ड्रिल लाकडात शिरवून तिला होणारा विरोध आलेखावर उतरवला जातो. कुजलेल्या जागी आलेखाची रेघ एकदम खाली येते. सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे धागे शोधले जातात, आणि शेवटी उरलेल्या छेदावरून उलटे गणित मांडून, किती भाराला ही कडी तुटायला हवी होती, ते पाहिले जाते. तितकेच महत्त्वाचे असते ते न पडलेले जुळे बांधकाम. बर्कलीत त्याच इमारतीची खालची बाल्कनीही असुरक्षित आढळली आणि नगर प्रशासनाने ती काढायला लावली. मार्च 2016 मध्ये तेथील जिल्हा सरकारी वकिलांनी फौजदारी खटला न भरण्याचा निर्णय जाहीर केला, तेव्हा बाल्कनीच्या आत कोंडलेल्या पाण्याने लाकूड कुजले, हेच मुख्य कारण सांगितले.

2018 मध्ये कॅलिफोर्नियाने कायदा करून तीन किंवा अधिक घरांच्या भाड्याच्या इमारतींतील, जमिनीपासून सहा फुटांहून उंच असलेल्या लाकडी आधाराच्या बाल्कन्या, जिने आणि मार्गिका यांची दर सहा वर्षांनी तपासणी बंधनकारक केली. प्रत्येक प्रकारच्या किमान 15 टक्के बांधकामांची तपासणी त्यात अपेक्षित आहे. माझ्या मते नुसते पाहून केलेली तपासणी पुरेशी नाही. शंका येताच प्लास्टरला छिद्र पाडून आत लवचिक कॅमेरा घालायलाच हवा.

मुंबईत गिरगाव, काळबादेवी भागांतल्या जुन्या चाळींच्या लाकडी गॅलऱ्यांना हेच रसायन लागू पडते. तेथे आणखी एक ठिकाण पाहावे लागते, ते म्हणजे मोरीलगतच्या भिंतीत गेलेले तुळईचे टोक. आडव्या कापलेल्या टोकाकडून लाकूड बाजूच्या पृष्ठभागापेक्षा कितीतरी वेगाने पाणी ओढते, आणि भिंतीत रोवलेले टोक कोणाच्या नजरेस पडत नाही. वरून रंग आणि फरशी नवी असली, तरी त्या टोकाशी दाभण टोचून पाहिले आणि ते सहज आत गेले, तर ती तुळई आधी टेकू लावूनच मग उघडायची.