"माशी चावली, गोळी द्या" म्हणणाऱ्यांसाठी

कापूस वेचणी लागली की काउंटरवर रोज कोणीतरी येतंच, "भाऊ, माशी चावली, एलर्जीची गोळी द्या." चावली कोणाला, तर घरी बसलेल्या माणसाला. तेच तेच सांगून थकलो म्हणून हा कागद छापला, बिलासोबत देतोय, फेकू नका.

चावल्या जागी सूज, खाज, आग, एवढंच असेल तर घाबरायचं काम नाही. मधमाशीचा काटा रुतून राहतो, त्याला विषाची पिशवी चिकटलेली असते आणि ती विष सोडतच राहते, त्यामुळे चिमटा शोधत बसू नका, नखानं खरवडून लगेच काढा. गांधीलमाशी काटा सोडत नाही पण पुन्हा पुन्हा डसते (वावरातल्या मोटरच्या स्टार्टरपेटीत पोळं करते, हात घालायच्या आधी बघा). बर्फ लावा, चुना-रॉकेल नको. सूज दुसऱ्या दिवशी आणखी वाढते, त्यात विशेष काही नाही, काही दिवसांत उतरते. त्याला सेटिरिझिन (एलर्जीची गोळी) नि कॅलामाइन लोशन पुरतं, दोन्ही आपल्याकडे कायम असतं आणि महागही नाही.

पण चावलं पायाला आणि पित्त उठलं अंगभर, ओठ-जीभ सुजली, आवाज घोगरा झाला, दम लागला, उलट्या झाल्या, चक्कर आली, तर राजेहो ते गोळीचं काम नाही. गोळी पोटात जाऊन लागू व्हायला अर्धा-एक तास जातो आणि ती खाज कमी करते, बंद होत चाललेला गळा उघडत नाही, पडलेला बीपी वर आणत नाही. ते काम ॲड्रेनालिनचं, मांडीच्या स्नायूत द्यायचं इंजेक्शन. आणि आपल्याकडे होतं काय, पोरगं गाडी काढून आमच्याकडे येतं, आम्ही विचारतो दम लागतो का, त्याला माहीत नसतं, घरी फोन लावतो तर रेंज नाही, ते परत जाऊन बघून येतं. तेवढ्या वेळात पेशंट सरकारी दवाखान्यात पोचला असता. माणूस आमच्याकडे नका पाठवू, 108 लावा नाहीतर गावातली चारचाकी काढा. चक्कर येत असेल तर आडवं निजवून पाय वर ठेवा, उठवून चालवू नका, बाइकवर दोघांच्या मधात बसवून तर अजिबात नेऊ नका. दम जास्त लागत असेल तर बसू द्या. बरं वाटलं म्हणून दवाखान्यातून लगेच पळून येऊ नका, काही तासांनी त्रास उलटून येऊ शकतो. आग्या मोहोळ उठून खूप माशा डसल्या असतील तर एलर्जी असो-नसो, दवाखाना.

"तो दुसरा मेडिकलवाला देते ना डेक्सा, तुमीच काऊन नाही देत?" हे रोजचं. डेक्सा म्हणजे स्टेरॉइडचं इंजेक्शन. चिठ्ठीशिवाय आम्ही इंजेक्शन देत नाही, राग आला तरी चालेल. डेक्साला असर करायला काही तास लागतात, ॲड्रेनालिनची जागा ते घेत नाही. मोबाइलवर दिसणारं ॲड्रेनालिनचं पेनसारखं इंजेक्शन आमच्याकडे मिळत नाही, आणि ॲड्रेनालिनची अँप्यूल (काचेची बारकी बाटली) घरी नेऊन मोजून भरणार कोण?

मागच्या वेळी काही झालं नव्हतं म्हणून आता होणार नाही असंही धरू नका, एलर्जी कधी कधी आधीच्या डंखानंतरच तयार होते. एकदा जोरात रिॲक्शन आलेल्यानं यवतमाळ-नागपूरच्या मोठ्या डॉक्टरला जरूर दाखवावं.

आणखी एक, बीपीची एटेनोलॉलसारखी गोळी चालू असेल तर डॉक्टरला आधी सांगा, तिच्यामुळे ॲड्रेनालिनचा असर कमी पडू शकतो. गोळीचं नाव आठवत नाही? आमच्या नेहमीच्या ग्राहकांच्या गोळ्या आम्ही वहीत लिहून ठेवतो, दवाखान्यातून फोन करा, वाचून सांगतो. नाव अजून लिहिलं नसेल तर पुढच्या वेळी जुनी पाकिटं घेऊन या, त्याचे पैसे नाहीत. दुकान सकाळी 8 ते रात्री 10, बाजाराच्या दिवशी दुपारी पण उघडं.